प्रकटीकरण २०: सैतान बांधला गेला आहे की बांधला जायचा आहे?

उपासक
काल एका बंधूंनी लिहिले की, बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील, सैतानाला हजार वर्षे बांधून ठेवण्याची भविष्यवाणी लवकरच अक्षरशः पूर्ण होईल आणि युद्धांच्या बातम्यांवरून तिची वेळ ओळखता येते. हे वाचून गप्प बसवेना. पात्म बेटावरून योहानाने ज्या सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) हे पुस्तक लिहिले, त्या रोमी सत्तेच्या छायेत जगत होत्या. आपल्या काळाचे वेळापत्रक त्यांच्या काय कामाचे? मार्क ३:२७ मधील बलवानाला, म्हणजे सैतानाला, ख्रिस्ताने तेव्हाच बांधले. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननेही ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच काळ मानला.

जागृत राहा
ऑगस्टीनच्या कितीतरी आधीचे धर्मपंडित जस्टिन आणि इरेनियस ख्रिस्ताच्या पृथ्वीवरील प्रत्यक्ष राज्याची वाट पाहत होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले. आणि सैतान बांधलेला असेल, तर १ पेत्र ५:८ मध्ये तो गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो कसा?

उपासक
प्रकटीकरण २०:३ पुन्हा वाचा. त्याने राष्ट्रांना ठकवू नये एवढ्यासाठी तो बांधला आहे. त्याचे सगळेच काम थांबले, असे तेथे लिहिलेले नाही.

नगरची लेक
या हिशेबांनी घरे मोडतात, म्हणून लिहिते. एका प्रचारकाने प्रकटीकरणातील दुष्ट श्वापदाच्या ६६६ या आकड्यावरून शेवटचे वर्ष काढून दिले आणि माझ्या मामांनी शेत विकले. ते वर्ष उलटले, प्रचारक दुसऱ्या गावी गेला, मामी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर राबली. अमेरिकेत प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनीही २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताच्या येण्याची अशीच वाट पाहिली होती. ६६६ म्हणजे रोमी सम्राट नीरो कैसर. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्या असते आणि त्या नावातील अक्षरांची बेरीज तेवढीच येते.

जागृत राहा
मामींचे दुःख मला समजते, पण त्याचा दोष माझ्या विश्वासावर टाकू नका. मत्तय २४:३६ नुसार तारीख सांगणारा मुळातच वचनाबाहेर जातो. नीरोचे म्हणाल, तर इरेनियसने या आकड्यासाठी काही नावे सुचवली, त्यांत नीरो नाही.

नगरची लेक
काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे आणि नीरोच्या नावाचे लॅटिन रूप घेतले की बेरीज नेमकी तेवढीच होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

जागृत राहा
पहिल्या वाचकांना नीरो आठवला असेल, एवढे मी मान्य करतो; त्यापुढे नाही. आपल्या अर्थाने, सैतान शेवटी ज्यात टाकला जातो त्या २०:१० मधील अग्निसरोवराचे काय होते, ते उपासकांनी सांगावे.

उपासक
ते अजून व्हायचे आहे, याबद्दल आपला वाद नाही. माझा आक्षेप दिवस मोजण्याला आहे, कारण १२:११ मध्ये साक्षी देणारे लोक कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्तामुळे अजगरावर, म्हणजे सैतानावर, आधीच विजय मिळवतात.