मदत हवी आहे: सड्यावरची पंद (रानफुलाचं झुडूपवजा झाड) वाचवायचीय, बी कधी आणि किती गोळा करावं?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर (नाव मुद्दाम देत नाहीये, दिलं की पुढच्याच रविवारी गाड्यांची रांग लागेल) गेली चार वर्षं पंद बघतोय. शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, सह्याद्री सोडून जगात कुठेच नाही. पहिल्या वर्षी रानशेपू असेल म्हणून पुढे गेलो होतो. नंतर उकिडवं बसून नीट बघितलं तर छत्रीसारख्या गुच्छाच्या कडेच्या फुलांची बाहेरची पाकळी मोठी, टोकाला दुभंगलेली, आणि मधली फुलं अगदी बारीक, त्यामुळे लांबून अख्खा गुच्छ म्हणजे एकच पांढरं फूल वाटतं.

यंदा सड्याच्या एका कडेला जेसीबी लागलाय. रस्ता म्हणतात, पण जांभा दगड पण निघतोय आणि ट्रॅक्टर भरून जातोय. तिथे माती जेमतेम वीतभर, खाली सगळा कातळ. पंदचा कंद त्या वीतभर मातीतच असतो, वरचं वाळून गेलं तरी पावसात पुन्हा फुटते, पण मातीच खरवडून नेली तर फुटणार कुठून? गुरं चरतात त्याचं मला काही वाटत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या चरतायत.

फळं अजून हिरवी आहेत, चपटी, कडेला पातळ झालर असलेली. गवत पिवळं पडायला लागलं की वाळतील असा अंदाज. कुणी बी रुजवून बघितलंय का, लगेच पेरायचं की पावसापर्यंत ठेवायचं, आणि एका झाडाचं किती घेतलं म्हणजे तिथे पुढच्या वर्षीसाठी पुरेसं उरेल? गावातले काहीजण म्हणतात कंदच उपटून दुसऱ्या सड्यावर लावू, पण मला ते पटत नाही, फुलोऱ्यात असलेलं झाड उपटून मारायचंच झालं ते.

दुसरं म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद) असायला हवी. आमच्याकडे समिती कागदावर आहे, नोंदवहीत पंदचं नावसुद्धा नाही. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे निदान लोकांचं लक्ष असतं, अशा बिननावाच्या सड्यांना कोण विचारतो हो. कुणी नोंदवहीत अशी नोंद करून घेतली असेल तर अर्जाचा नमुना द्या प्लीज, सोमवारी ग्रामसभा आहे. फोटो लोकेशन काढून खाली टाकतोय, ओळख चुकली असेल तर तेही सांगा.