मदत हवी आहे: फोन सायलेंटवर आहे हे ॲपला कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी एक लहानसं अँड्रॉइड ॲप लिहितोय. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. स्टार्टरजवळच्या पेटीतून 'लाईट आली' असा निरोप आला की वडिलांचा मोबाईल जोरात वाजावा, एवढंच काम. पण हरिपाठाला बसताना ते फोन सायलेंट करतात आणि तसाच उशाशी घेऊन झोपतात. मागच्या आठवड्यात लाईट रात्री बाराला आली, त्यांना जाग आली चारला. उसाची पाळी निम्मी हुकली. निरोप स्क्रीनवर होता, आवाज मात्र झालाच नव्हता.

म्हणून झोपण्याआधी ॲपनेच त्यांना सावध करावं असं वाटतं. ऑडिओमॅनेजरचा गेटरिंगरमोड (फोनचा आवाज कोणत्या मोडवर आहे ते सांगणारं फंक्शन) वापरतोय: 0 सायलेंट, 1 व्हायब्रेट, 2 नॉर्मल. ॲप उघडं असताना चोख चालतं. मोड बदलल्याचा ब्रॉडकास्ट (सिस्टिम ॲपांना देते ती सूचना) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये नोंदवला, पण अँड्रॉइड 8 पासून तो बंद ॲपपर्यंत पोचत नाही. वर्कमॅनेजर (ठरावीक वेळाने मागे काम करून घेणारी सोय) 15 मिनिटांच्या आत पुन्हा फिरत नाही. फोरग्राउंड सर्व्हिस (ॲपचा सतत चालू राहणारा भाग) रात्रभर चालवायला जीव होत नाही, फोन जुना आहे, बॅटरी आधीच बसलीय. दुसरा मार्ग कोणी काढलाय का?

शिवाय चुलत्यांकडे आयफोन आहे. तिथे सायलेंटचा खटका वाचायची सोय ॲपलने दिलेलीच नाही. आवाज नसलेली छोटी फाईल सिस्टिम साउंड म्हणून वाजवायची, ती लगेच संपली तर सायलेंट समजायचं, अशी युक्ती वाचली. वापरावी का?

प्रतिसाद:

दादा, सायलेंट ओळखत बसण्यापेक्षा आवाजाची वाट बदला. नोटिफिकेशन चॅनलच्या (ॲपच्या एका प्रकारच्या सूचनांच्या गटाच्या) आवाजाला 'युसेज अलार्म' द्या, म्हणजे तो अलार्म म्हणून धरला जातो. फोन सायलेंट असला तरी अलार्म वाजतो. चॅनल एकदा तयार झाला की कोडमधून त्याचा आवाज बदलता येत नाही, तेव्हा नव्या आयडीने नवीन चॅनल करा. मी यातच दोन दिवस घालवले होते.

मग रात्री नऊला एकदाच दोन गोष्टी तपासा: अलार्मचा व्हॉल्यूम शून्य नाही ना, आणि गेटकरंटइंटरप्शनफिल्टर ('डू नॉट डिस्टर्ब'ची स्थिती सांगणारं फंक्शन) 'नन' देत नाही ना. 'नन' म्हणजे संपूर्ण शांतता, त्यात अलार्मही दबतो.

आयफोनवर ती युक्ती नको, अंदाजाचा खेळ आहे. सायलेंट भेदणाऱ्या क्रिटिकल अलर्टला ॲपलची वेगळी परवानगी लागते. पेटीत सिम असेल तर तिला चुलत्यांना कॉल करायला लावा. त्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये पेटीच्या नंबरच्या रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' चालू केलंत की सायलेंटवरही रिंग वाजेल.