खेळाडू नक्की निवडतो कोण?

फुटबॉल क्लबांबद्दल 'खेळाडू कोचनेच निवडावेत, ऑफिसातल्यांनी फक्त चेक फाडावेत' असं एक मत ऐकलं, मला ते पटलं नाही. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचंच बघा. २०१५ च्या उन्हाळ्यात कोच ब्रेंडन रॉजर्सला बेंटेके हा खेळाडू हवा होता, ट्रान्सफर समितीला, म्हणजे खेळाडू-खरेदी ठरवणाऱ्या मंडळींना, फिर्मिनो. तडजोड म्हणून दोघेही आले! बेंटेके एका हंगामात क्रिस्टल पॅलेस क्लबला गेला, फिर्मिनो २०२३ पर्यंत टिकला. रॉजर्सची तर त्या ऑक्टोबरातच गच्छंती झाली.

पुढे २०१६ मध्ये मायकेल एडवर्ड्स लिव्हरपूलचा स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडू-खरेदीचा प्रमुख, झाला. त्याच्या दिमतीला इयान ग्रॅहम, म्हणजे चक्क भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट, आकडेमोड करायला. २०१७ मध्ये रॉजर्सनंतरचा कोच क्लॉप याचा कल ब्रांट या खेळाडूकडे होता, पण एडवर्ड्स आणि स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) मंडळींनी सालाहला घ्यायचा धोशा लावला. क्लॉपने ऐकलं, नंतर तसं मोकळेपणाने सांगितलंही. मला यात आकड्यांपेक्षा हे 'ऐकणं' जास्त मोलाचं वाटतं. रॉजर्सच्या काळात समिती होतीच की, पण एकमेकांवर भरवसा कुठे होता?

उलट टोक म्हणजे मँचेस्टर युनायटेड. २०१३ पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत कारभार एड वुडवर्डकडे होता, मूळचा बँकवाला. फुटबॉल डायरेक्टर हे एडवर्ड्सच्या धर्तीचं पदच क्लबमध्ये आलं २०२१ साली. तोवर मोयेस, फान हाल, मोरिन्हो, सोल्शेर अशा चौघा कोचांची चार तऱ्हांची खरेदी एकाच ड्रेसिंग रूममध्ये. कोणी कोणासाठी घेतलेला, पत्ता नाही. बरं, असं पद निर्माण करून तरी काय? स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन अ‍ॅशवर्थ जुलै २०२४ मध्ये आला आणि डिसेंबरात बाहेर. पाच महिने!