मदत हवी आहे: गुहागरच्या वाळूत कासवाची अंडी, राखण कशी करू?

आम्ही दोघं एसटीने गुहागरला आलोय, स्वस्तातल्या घरगुती खोलीत उतरलोय. पहाटे किनाऱ्यावर फिरताना ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी अंडी घालताना दिसली! बॅटरी बंद करून लांबच बसलो. वाळू सारखी करून ती समुद्रात परतली. इतकं सुंदर काही आजवर पाहिलं नव्हतं.

काळजी कुत्र्यांची आहे. एका घरट्यात शंभरावर अंडी असू शकतात, म्हणून सध्या हे तिथेच थांबलेत. अंड्यांना हात लावलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवतेच आहे. पण इथल्या कासवमित्रांपर्यंत (घरटी राखणाऱ्या स्थानिकांपर्यंत) लवकर कसं पोचता येईल? ते येईपर्यंत घरट्यावर जाळी किंवा टोपली झाकली तर चालेल का?