गवताळ देशाची राजधानी सात शतकं एकाच जागी राहू शकते का?

कोराकागद (धागाकर्ता)

एका कथामालेसाठी देश रचला आहे. नाव सारदाला. जागा मध्य आशियात, मंगोलिया आणि कझाकस्तानच्या धर्तीची. समुद्र कुठेच नाही, क्षेत्रफळ 9 लाख चौ. किमी म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास तिप्पट. पाऊस उत्तरेला 350 मिमी, दक्षिणेला 150.

इतिहासाचा आराखडा असा: तेराव्या शतकात टोळ्या एक झाल्या, नदीकाठी तटबंदीची राजधानी बांधली, ती आजही तिथेच आहे. सैन्य 1 लाख घोडेस्वार. पुढे 1931 मध्ये पाऊस दगा देतो, दुष्काळ पडतो आणि निम्मे लोक मरतात.

माझं मत असं की राजधानीशिवाय राष्ट्र उभं राहत नाही. चंगीजच्या मुलानेही शेवटी काराकोरम ही मंगोलांची राजधानी बांधलीच. विरोधी मतं अवश्य द्या, फक्त नेमकं कुठे अडतं ते सांगा.

---

दाणागोटा

काराकोरमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ओगेदेईने, म्हणजे चंगीजच्या त्याच मुलाने, 1235 मध्ये तिथे तट घातला हे खरं. पण शहराचं पोट भरत होतं चीनकडून येणाऱ्या गाड्यांवर. रशीदुद्दीन या इराणी इतिहासकाराने आकडा दिलाय, रोज 500 गाड्या. 1260 मध्ये कुबलाई आणि अरिक-बोके या चंगीजच्या नातवांत, भावाभावांत, गादीवरून जुंपली, तेव्हा कुबलाईने शहराला वेढा घालायच्या भानगडीत न पडता आधी गाड्या अडवल्या. काराकोरममध्ये अन्नान्नदशा झाली. पुढे कुबलाईने राजधानीच आजच्या बीजिंगच्या जागी नेली आणि काराकोरमचं महत्त्व ओसरलं.

1254 मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू तिथे होता. त्याने चारही वेशींवरचे बाजार टिपून ठेवलेत: पश्चिमेला मेंढ्या-बकऱ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे. पूर्वेच्या वेशीवर बाजरीसारखी धान्यं, पण ती क्वचितच येतात असंही तो लिहितो. खानाचा वाडा सोडला तर अख्खं शहर पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस गावाच्या तोडीचंही नाही, हा त्याचा शेरा. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या राजधानीबद्दल!

तेव्हा सारदालाच्या राजधानीत धान्य कोण आणतं, कुठून, आणि ती वाट कोणाच्या ताब्यात आहे हे आधी ठरवा. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतो आणि खताच्या बदल्यात धान्य घेतो, कारण शेतकरी हाकेच्या अंतरावर असतो. तुमच्या नकाशावर सर्वांत जवळचा शेतकरी 600 किमीवर आहे.

---

तांडा

दाणागोटा, तुमचं निदान बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. गवताळ प्रदेशात कायमचं शहर टिकत नाही असं नाही, ते नुसत्या राजवाड्याच्या जोरावर टिकत नाही इतकंच. व्यापारी वाटेवर असेल तर टिकतं.

मंगोलियाची आजची राजधानी उलानबातर घ्या. 1639 मध्ये ते तंबूतला फिरता मठ म्हणून सुरू झालं. सरपण आणि चराई संपली की अख्खं गाव उचलून पुढे, असं वीसहून जास्त वेळा झालं. 1778 मध्ये तूल नदीच्या खोऱ्यात जे बसलं ते आजतागायत तिथेच. बसण्याचं एक मोठं कारण चहा. 1727 च्या कराराने रशिया आणि चीन यांच्यात क्याख्ता या सरहद्दीवरच्या गावातून व्यापार सुरू झाला होता, आणि ती वाट याच खोऱ्यातून जायची.

म्हणून धागाकर्त्यांना सुचवेन: पहिली पाचशे वर्षं राजधानी हलती ठेवा. खान जिथे, तिथे राजधानी. उन्हाळ्यात नदीकाठी, हिवाळ्यात डोंगराच्या दक्षिण उतारावर, कारण तिथे बर्फ कमी साठतो आणि उत्तरेचा वारा अडतो. पक्क्या विटांचं गाव अठराव्या शतकात येऊ द्या. राष्ट्र त्याच्या आधीही होतं, याबद्दल कथेत कोणाला शंका येणार नाही.

---

खोगीर

राजधानीचं काय ते बघा, माझा आक्षेप 1 लाख स्वारांवर आहे. हिशेब मांडतो.

एका स्वारामागे किमान 3 घोडी धरा, कारण रोज बदलून बसावं लागतं. झाली 3 लाख जनावरं. तिथलं घोडं ठेंगणं असलं तरी दिवसाला 9 किलो सुकं गवत खाणार, म्हणजे 2,700 टन. कोरड्या पट्ट्यात हेक्टरी 500 किलो गवत धरलं आणि मुळं जगावीत म्हणून निम्मं सोडलं, तर हाती 250. म्हणजे रोज 10,800 हेक्टर, साधारण 108 चौ. किमी फस्त. पाणी माणशी नव्हे, घोड्यामागे 25 ते 30 लिटर: रोज 75 ते 90 लाख लिटर. 150 मिमी पावसाच्या दक्षिण भागात हे सैन्य एका जागी तीन दिवस थांबू शकत नाही. मार्चमध्ये तर नाहीच. हिवाळ्याअखेर घोड्यांच्या बरगड्या मोजता येतात, अशा वेळी मोहीम काढणारा सेनापती मूर्ख ठरेल.

---

कोराकागद

मग मंगोल हंगेरीपर्यंत गेले ते काय चालत? आणि मोठं सैन्य नसेल तर दोन शेजारी साम्राज्यं सारदालाला गिळून टाकणार नाहीत का?

---

खोगीर

गेले, पण वेगवेगळ्या वाटांनी, तुकड्या पाडून, आणि एकत्र आले ते लढाईपुरते. 1242 मध्ये हंगेरीतून ते माघारी का फिरले यावर वाद आहे. ओगेदेई डिसेंबर 1241 मध्ये वारला हे एक कारण दिलं जातं, चराई अपुरी पडली हे दुसरं. सीरियाचं मात्र स्पष्ट आहे. 1260 मध्ये हुलागू (कुबलाईचा भाऊ) बहुतेक फौज घेऊन मागे हटला आणि 1262 मध्ये फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात चारा संपल्याचं त्याने स्वतः कळवलं. मागे ठेवलेली छोटी फौज 1260 च्याच सप्टेंबरात पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला ममलूकांनी, म्हणजे इजिप्तच्या सुलतानांच्या सैन्याने, कापून काढली.

सारदालाला 20 हजार स्वार पुरेत. शेजाऱ्यांना थोपवायला सैन्याहून जास्त उपयोगी काय, तर आत शिरलेल्या फौजेला खायला काही न मिळणं.

---

काळाबर्फ

सगळे तेराव्या शतकातच अडकलेत. आराखड्यातली सर्वांत मोठी चूक 1931 ची आहे. "पाऊस दगा देतो" म्हणे! ज्या कझाकस्तानवरून हे उचललंय तिथे 1930 ते 33 मध्ये साधारण 15 लाख माणसं मेली, त्यांत बहुसंख्य कझाक. ती पावसाने नाही मारली. 1928 मध्ये सोव्हिएत सरकारने मोठ्या पशुपालकांची जनावरं जप्त केली. मग भटक्यांना सक्तीने एका जागी बसवलं, मांस आणि धान्याची सक्तीची वसुली लादली. एका जागी कोंबलेली जनावरं चाऱ्याअभावी मेली, उरलेली वसुलीत गेली किंवा जप्तीआधीच कापली गेली. दहातली नऊ जनावरं संपली. ज्यांचं अन्नच दूध आणि मांस, त्यांच्याकडे मग राहिलं काय?

आणि शेजारी बघा. मंगोलियात 1930 ते 32 मध्ये हाच प्रयोग, हीच विचारसरणी, मॉस्कोचाच दबाव. जनावरं सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटली, 1932 मध्ये पश्चिमेकडे उठाव झाला, आणि सरकारने धोरण मागे घेतलं. सामूहिकीकरण, म्हणजे खासगी कळप सामूहिक मालकीत घेणं, पूर्ण झालं ते थेट 1950 च्या दशकाच्या शेवटी. गवत तेच, थंडी तीच, शेवट वेगळा. पावसावर ढकललंत तर कथेतला गुन्हेगारच सुटतो.

---

दाणागोटा

काळाबर्फ, 1931 बद्दल शंभर टक्के सहमत. पण हवामान इतकं झटकून टाकू नका. झुद, म्हणजे हिवाळ्यात जनावरं मोठ्या संख्येने मरण्याचं संकट, या देशाच्या इतिहासात दर पिढीत आलंच पाहिजे. 2009-10 च्या झुदमध्ये मंगोलियात 80 लाखांहून जास्त जनावरं मेली, आणि तेव्हा कोणी जप्ती करत नव्हतं.

लिहिताना प्रकार वेगळे ठेवा. पांढरा झुद म्हणजे बर्फ इतका खोल की गवतापर्यंत तोंड पोचत नाही. काळा म्हणजे बर्फच नाही, त्यामुळे प्यायला पाणी नाही. लोखंडी सर्वांत वाईट: मध्येच ऊन पडतं, वरचा बर्फ वितळतो, रात्री गोठून पत्रा होतो. साध्या बर्फात घोडी खुरांनी उकरतात, म्हणून आधी घोडी सोडायची आणि त्यांच्या मागून मेंढ्या. गाईगुरांना उकरता येत नाही, ती आधी जातात. पत्र्यावर मात्र घोड्यांचेही पाय कापले जातात.

---

काळाबर्फ

हो, पण 2009 ला शेळ्या किती होत्या तेही लिहा की. 1990 नंतर कळप खासगी झाले, कश्मीरी लोकरीला भाव आला, शेळ्या बेसुमार वाढल्या. आधीच्या उन्हाळ्यात कुरणं खरवडली गेलेली, जनावरं अंगावर चरबी न धरताच हिवाळ्यात शिरली. त्यातही धोरण आहेच.

---

तांडा

दोघांचं भांडण चालू द्या. धागाकर्ते, विसाव्या शतकात एक निर्णय राहून गेलाय: रेल्वेच्या रुळांची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. रशियाकडून आलात तर 1520 मिमी, चीनकडून आलात तर 1435. मंगोलियाने 1520 घेतली, त्यामुळे चीनच्या सरहद्दीवर आजही डबे जॅकवर उचलून चाकांचे सांगाडे बदलावे लागतात, नाहीतर कंटेनर क्रेनने पलीकडच्या गाडीवर ठेवावे लागतात. समुद्र मात्र चीनच्याच बाजूला, तिआनजिन बंदरात. सारदालाचा कोळसा ज्या रुंदीच्या रुळावरून जाईल, त्या बाजूचा शेजारी भाव ठरवणार. तुमच्या 1950 च्या सरकारला यातली कोणती रुंदी निवडायला लावताय, आणि दुसरा शेजारी तेव्हा गप्प का बसतो?