बोली कोणासमोर बदलते, तेही संवादात यावे

कथा-कादंबरीच्या संवादात बोलीतले शब्द पेरले की पात्राचा समाज आपोआप कळतो, असे मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, यंत्रमागावर सोलापुरी मराठी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणारी पद्मशाली, म्हणजे तेलुगू भाषक विणकर समाजाची, कुटुंबे आहेत. शहरात कन्नड आणि दखनी, म्हणजे दक्षिणेतली उर्दू बोली, हीसुद्धा रोज कानावर पडतात. अशा ठिकाणी माणूस कोणाचा आहे, हे तो काय बोलतो यापेक्षा कोण समोर आल्यावर बोलणे बदलतो यावरून अधिक कळते. सोबत्याला ‘येऊलालो की बे’ (येतोय की रे) म्हणणारा कामगार कारखानदार दिसताच ‘येतो, मालक’ म्हणतो, तेव्हा लेखकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मला खंत वाटते ती निवेदन आणि शिकलेली पात्रे प्रमाण भाषेत ठेवून केवळ गरिबांच्या तोंडी बोली घालण्याच्या सवयीची, कारण इथे डॉक्टर आणि वकीलही मित्रांत सोलापुरीच बोलतात. घरातल्या तेलुगू वाक्याचा अर्थही लेखकाने लगेच देऊ नये. त्या घरात नव्याने आलेल्या मराठी सुनेला ते जितके परके वाटते, तितके वाचकालाही काही काळ वाटू द्यावे.