प्रतिसाद: बाहेरची बाधा की मेंदूचा आजार?

वर एकांनी लिहिलंय, 'कोणी नसताना कानात बोलण्याचे आवाज येणं म्हणजे मेंदूतलं रसायन बिघडलं, गोळी द्या, विषय संपला.' गोळी हवीच, पण विषय संपत नाही. रिचर्ड बेंटल हे ब्रिटिश चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कैक वर्षं सांगत आलेत, की निदानाच्या लेबलात अडकू नका, एकेक लक्षण समजून घ्या. मनातलंच बोलणं बाहेरून आल्यासारखं वाटतं, ही त्यांची मांडणी. ते सहलेखक असलेल्या २०१२च्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, बालपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्यांत सायकोसिसची (म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं, वास्तवाशी नातं सुटणं, याची) शक्यता सुमारे २.८ पट दिसली. (सोसलेल्या प्रत्येकाला तो होतोच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

आमच्या परळीकडच्या मावसभावाला वारलेल्या वडलांचा आवाज यायचा. दीड वर्ष देवऋषी, गंडेदोरे, लिंबं, सगळं झालं. मग डॉक्टरांच्या गोळ्यांनी निदान झोप तरी लागायला लागली. पण 'आण्णा काय म्हणतेत रे?' हे त्याला पहिल्यांदा विचारलं ते आमच्या आजीनं.

'ऊठ, गाडी आली, कोयता घे म्हणतेत.'

नवव्या वर्षापासून ऊसतोडीला जात होता तो.